आधी भावाकडे जा

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन आहे. त्यात दोन वचनं अशी आहेत की ती खरोखर मनावर घेतली तर रविवारची आमची अर्धी चर्चं मिस्सा म्हणजे उपासना सुरू असतानाच रिकामी होतील. येशू म्हणतो, तू दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तसंच ठेव, माघारी जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर.

चर्च घरापासून हाकेच्या अंतरावर असलं की हे सोपं वाटतं. पण तेव्हा वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात आणि ऐकणारे होते गालीलातले कोळी, शेतकरी, मजूर. मधली वाट शंभर किलोमीटरहून जास्त, तीही पायी. म्हणजे कुणी गडी कोकरू नाहीतर कबुतरांची जोडी घेऊन कितीक दिवस चालत आलाय, रांगेत उभा राहून कसाबसा वेदीपाशी पोचलाय, आणि नेमकं तिथं त्याला गावातला भाऊ आठवतो. त्यानं काय करायचं? कोकरू तिथंच ठेवायचं, तेवढंच अंतर तुडवत गावी जायचं, भावाचं दार ठोठवायचं, मिटलं तर पुन्हा यरुशलेमची वाट धरायची. ऐकणाऱ्यांना हे किती अवघड वाटलं असेल! तरी येशूनं पळवाट ठेवलेली नाही. मंदिरातच गुडघे टेकून देवाची क्षमा माग, भावाचं नंतर बघू, असं तो म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट या वचनात आहे, जी प्रवचनांतून बऱ्याचदा निसटते. तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर, असं इथं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. म्हणजे दुखावलेला तो आहे आणि चालायचं तू आहेस.

मी वसईची. आमच्याकडे मिस्सात प्रभूची प्रार्थना म्हणून झाली की थोड्या वेळानं फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. युरोपात लोक तिथं हात मिळवतात, कुठं गळाभेट घेतात. भारतातल्या बिशपांनी १९६९ मध्ये उपासनेत इथल्या रीती आणायला रोमकडून परवानगी मिळवली, तेव्हापासून आपल्याकडे शांतीची खूण म्हणून हात जोडले जातात. मला ही रीत मनापासून आवडते. मात्र तिची एक सोय आहे, आणि ती सोय मी लहानपणापासून बघत आलेय. नमस्काराला कुणाला हात लावावा लागत नाही. डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, मागच्यांना मान लववायची. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो तिसऱ्या बाकावर असतो, त्याच्या दिशेनं नजर न नेता सगळं आटोपतं. मग दोघंही एकाच रांगेत उभे राहून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर, घेतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

आमच्याकडे बोलणं बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा जमीन असते. केळी, पानवेल, भाजीपाला यांवर पिढ्या जगल्या तोवर वाडीच्या बांधावरून भांडणं व्हायची, पण ती बांधाएवढीच असायची. इमारती आल्या, गुंठ्याला भाव आला आणि सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव जड झालं. बहिणीची सही, पायवाटेचा हक्क, विहिरीतला हिस्सा. कोर्टात तारखा पडत राहतात, वकील बदलतात, आणि मधल्या काळात मुलांची लग्नं चुलत्यांना न बोलावता होऊन जातात.

आमच्या आळीतल्या दोन भावांचं असंच झालं होतं. वाटणीत विहीर धाकट्याच्या बाजूला गेली. पाणी दोघांचं, असं बापानं तोंडी सांगून ठेवलं होतं. बाप गेल्यावर एका उन्हाळ्यात कसल्याशा बोलाचालीवरून धाकट्यानं थोरल्याच्या वाडीत जाणारा पाईप कापला. थोरल्याची उभी केळ करपली. पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात धाकटा नेमानं पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला, गेला. आत काय झालं ते त्यानं स्वतःच बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात चारचौघांत सांगितलं. गुप्ततेचं बंधन फादरांवर असतं, सांगणाऱ्यावर नसतं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाईप जोडलास का?"

"नाही, फादर."

"मग जा, आधी जोडून ये. मी इथंच आहे."

पापमुक्तीचे शब्द न उच्चारताच फादरांनी त्याला उठवलं. मागं रांग होती, सगळ्यांनी बघितलं. त्याला भयंकर राग आला. दोन दिवस तो तसाच घुमसत राहिला, मग प्लंबरला बोलावून पाईप जोडला आणि थोरल्याच्या ओट्यापाशी जाऊन म्हणाला, "दादा, पाणी सोडलंय." थोरला उठला आणि एक शब्द न बोलता आत गेला. त्यानं त्या पाण्याला कितीतरी दिवस हात लावला नाही, पैसे मोजून टँकर मागवत राहिला. धाकट्याला फादरांनी पापमुक्ती दिली, कारण त्याच्या हातचं होतं ते त्यानं केलं होतं. थोरल्यानं पाणी घ्यायला सुरुवात केली ती पुढे, मुलीच्या लग्नाच्या वर्षी, तीही न सांगता.

त्या फादरांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती निस्तरणं, नुकसान भरून देणं हे खऱ्या पश्चात्तापात येतंच, अशी चर्चची जुनी शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार उंबराच्या झाडावर चढून येशूला बघतो, येशू त्याच्या घरी जेवायला जातो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्या जेवणाच्या वेळी जक्कय उभा राहून जे म्हणतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला मी फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. जकातदाराच्या तोंडी आकडा शोभतो. तो आकडा ऐकल्यावरच येशू म्हणतो, आज या घराला तारण लाभलं.

मग ही गोष्ट पापनिवेदनाच्या पेटीत, जाळीच्या आडोशाला, प्रायश्चित्त म्हणून म्हणायच्या तीन ‘नमो मरिया’ प्रार्थनांवर कशी आली? त्यालाही इतिहास आहे. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त उघड्यावर असे. खून, व्यभिचार, छळाच्या काळात श्रद्धा नाकारणं, असं काही घडलेल्या माणसांचा चर्चमध्ये वेगळा गटच असायचा. ख्रिस्तप्रसादापासून ती लांब राहत आणि शेवटी सगळ्या मंडळीच्या देखत त्यांना परत घेतलं जाई. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलनीकात आपला एक अधिकारी मारला गेला म्हणून सम्राट थिओडोशियसच्या सैन्यानं शहरातल्या हजारोंची कत्तल केली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला पत्र लिहून कळवलं की तुम्ही हजर असाल तर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही. रोमन साम्राज्याच्या धन्यानं राजवस्त्रं उतरवून, लोकांच्या देखत रडून प्रायश्चित्त केलं. नाताळच्या सुमारास त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला. मेलेले परत आले नाहीत, पण जे जाहीर घडलं होतं त्याचं प्रायश्चित्तही जाहीर झालं.

पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी एकट्यानं, पुन्हा पुन्हा, कानात पाप सांगण्याची रीत युरोपभर नेली. ती माणसाच्या मनाला समजून घेणारी रीत होती, तिला मी नावं ठेवणार नाही. १२१५ मध्ये बिशपांच्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं, सोळाव्या शतकात मिलानचेच आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी जाळीची पेटी रूढ केली. यात माणसाची लाज राखली गेली, आणि हळूहळू ज्याचा अपराध केला तो माणूस या विधीतून नाहीसा झाला. उरलो मी, फादर आणि देव. १९७३ मध्ये रोमनं हा संस्कार नव्यानं मांडला तेव्हा पापमुक्तीच्या सूत्राची सुरुवातच अशी केली की दयाळू पित्यानं आपल्या पुत्राच्या मरणानं आणि पुनरुत्थानानं जगाचा स्वतःशी समेट केला. तेव्हापासून त्याला समेटाचा संस्कार म्हणू लागले. उपवासकाळात सामूहिक विधी होतात, चार-पाच फादर चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यांत खुर्च्या टाकून बसतात. एवढं होऊनही भाऊ बाहेरच राहिला.

संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटलंय की देवानं ख्रिस्ताद्वारे आपला स्वतःशी समेट केला आणि समेटाची सेवा आपल्याकडे सोपवली. यात पहिलं पाऊल कुणाचं? ज्याचा अपराध झाला त्याचं, देवाचं. म्हणूनच मत्तयच्याच अठराव्या अध्यायात उलट बाजूही येते: तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर तू जा आणि एकांतात त्याला त्याची चूक दाखव. पाचव्या अध्यायात अपराध्यानं जायचं, अठराव्यात ज्याचा अपराध झाला त्यानं. येशूच्या हिशेबात घरी बसून वाट बघायला कुणालाच सांगितलेलं नाही.

ज्याचा अपराध झाला त्यानं चालून जाणं म्हणजे काय, हे मला सिस्टर राणी मारिया यांच्या घरच्यांनी शिकवलं. मी त्यांना कधी भेटलेली नाही, पण त्यांच्याविषयी जे छापून आलं ते जपून ठेवलंय. राणी मारिया केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या, जन्म १९५४ चा, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघातल्या. मध्य प्रदेशात इंदूरच्या पलीकडे उदयनगर भागात आदिवासी आणि छोट्या शेतकऱ्यांमध्ये त्या काम करत. बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कोणत्या, सावकाराकडे न जाता बियाणं कसं घ्यायचं, हे त्या शिकवत. ज्यांचं व्याज बुडालं त्यांना ते सहन झालं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरला जायच्या बसमध्ये बसल्या. वाटेत समंदर सिंह नावाच्या तरुणानं त्यांना भर बसमध्ये भोसकलं, मग बाहेर ओढून रस्त्याच्या कडेला पुन्हा पुन्हा वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बस भरलेली होती आणि कुणी मध्ये पडलं नाही.

समंदर सिंहला जन्मठेप झाली. तुरुंगात तो सुडानं पेटलेला होता, आणि तो सूड त्याला त्याच्याकडून हे करवून घेणाऱ्यांवर उगवायचा होता. ते सुटले होते, हा आत होता. स्वामी सदानंद नावाचे भगव्या कपड्यांतले एक कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटायला जाऊ लागले. त्यांच्यामुळे राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही तयार झाल्या. २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि ज्या हातानं त्यांच्या बहिणीला मारलं त्या हाताला त्यांनी राखी बांधली.

इथं मी नेहमी थांबते. कारण राखी ही काही चर्चच्या विधिग्रंथातली वस्तू नाही. ती आपल्या घरांतली आहे, बाजारातून आणलेला रेशमी धागा आणि त्यावर एखादा मणी. तुरुंगातल्या त्या माळव्याच्या गड्याला लॅटिनमधून आलेलं पापमुक्तीचं सूत्र काय कळलं असतं? पण बहिणीनं राखी बांधली की आपण तिचे कोण होतो, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं बहीण मारली होती आणि आता त्याला बहीण मिळाली होती, तीही त्याच बहिणीची बहीण. नातं जिथं तुटलं होतं तिथंच बांधलं गेलं.

गोष्ट राखीवर संपली असती तर मी तिच्याकडे एवढं लक्ष दिलं नसतं. त्या कुटुंबानं आणि चर्चनं समंदर सिंहला माफी मिळावी म्हणून सरकारदरबारी अर्ज केले आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढच्या वर्षी तो केरळला गेला, राणी मारियांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटला. त्यांनी त्याला मुलगा मानलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं तेव्हा हजारोंच्या गर्दीत समंदर सिंह हजर होता. आपण काय केलं हे तो लपवत नव्हता, विचारणाऱ्याला सांगत होता. समेटाला खरं सांगणारं तोंड लागतं, ते त्यानं दिलं.

या गोष्टीचा एक गैरवापर होतो, त्यावर बोललंच पाहिजे. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला ‘क्षमा कर, सत्तर वेळा सात’ असं सांगून परत पाठवणारी माणसं मी बघितली आहेत. असं सांगणाऱ्यानं वचन अर्धंच वाचलेलं असतं. क्षमा एकट्यानं करता येते, समेटाला दोघं लागतात, आणि दुसऱ्यानं पाईप जोडल्याशिवाय पहिल्याला घरात परत ढकलणं हा समेट नव्हे, हा दुसरा अपराध आहे. सेल्मी पॉल स्वतःच्या मनानं गेल्या. त्यांना कुणी हुकूम केला असता तर त्या राखीला काही अर्थ उरला नसता. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, नवऱ्याचं बारीपदाचं कुष्ठरुग्णांचं काम पुढे चालवलं, आणि खटल्यात कायद्यानं आपलं काम करावं हेही मान्य केलं. मुख्य आरोपी दारा सिंहची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कायम ठेवली. क्षमा आणि शिक्षा एका घरात राहू शकतात. क्षमा करणारीनं न्याय सोडून द्यावा, अशी अट तिच्यावर कुणी घालू नये.

आणि व्यक्तींनी करायचं ते संस्थेनं केलं तर? चर्च स्वतःच अपराधी असेल तेव्हा ती किती चालते, हे बघायला मी कॅनडाकडे बघते. तिथल्या मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. भाषा बोलली तर मार, केस कापलेले, नावं बदललेली, उपासमार, अत्याचार. कित्येक मुलं घरी परतलीच नाहीत. शाळा सरकारच्या होत्या, पण त्यातल्या बहुसंख्य कॅथलिक संस्था चालवत होत्या. २०१५ मध्ये तिथल्या सत्य आणि समेट आयोगानं ९४ मागण्या मांडल्या. त्यातली अठ्ठावन्नावी अशी की पोपनी एका वर्षाच्या आत कॅनडात येऊन, आमच्या भूमीवर, माफी मागावी. रोममधून पत्रक नको, इथं या.

एका वर्षाची सात झाली. आधी मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी रोमला गेले, तिथं १ एप्रिल २०२२ ला पोप फ्रान्सिस यांनी माफी मागितली. मग जुलैत, वयाच्या ८५ व्या वर्षी, गुडघ्यानं साथ सोडलेली असताना, चाकांच्या खुर्चीतून ते आल्बर्टामधल्या मस्क्वाचिस इथं गेले, जिथं यातली एक मोठी शाळा होती, आणि त्या मातीवर माफी मागितली. ऐकणाऱ्यांतले काही रडले. काहींनी स्पष्ट म्हटलं की अनेक ख्रिस्ती लोकांच्या कृत्यांची माफी मागितलीत, चर्च या संस्थेनं केलं ते कधी म्हणणार? मला दोघांचंही पटतं. ते गेले याचं मोल मला फार वाटतं. पण जक्कयचा आकडा? २००६ च्या समझोत्यात कॅथलिक संस्थांनी पीडितांसाठी अडीच कोटी डॉलर गोळा करायचा प्रयत्न करू म्हटलं होतं, जमले चाळीस लाखांहूनही कमी. २०२१ मध्ये कॅनडाच्या बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचं नव्यानं वचन दिलं. एवढी वर्षं त्या देशात नवी चर्चं बांधायला पैसे मिळत होते.

कॅनडाचं बोलणं सोपं आहे, ते लांब आहे. भारतातल्या कॅथलिकांत दलित निम्म्याहून जास्त आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या बिशप परिषदेनं दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते. मला त्या कबुलीचा अभिमान वाटतो, फार थोड्या धर्मसंस्था एवढं लिहून देतात. पण तमिळनाडूत अशा दफनभूमी आहेत जिथं दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या मध्ये भिंत आहे. एकाच पाण्यानं बाप्तिस्मा घेतलेली, एकाच ताटातला ख्रिस्तप्रसाद घेतलेली माणसं तिथं मेल्यावर वेगळी निजतात. बिशपांच्या कबुलीला वर्षं लोटली. अशी भिंत पाडायला रोमची परवानगी लागत नाही, कोर्टाची तारीख लागत नाही. त्या त्या गावचे फादर, भिंतीच्या अलीकडची घरं आणि पहारी एवढंच लागतं, आणि अलीकडच्या घरांनी आधी पलीकडे जाऊन, आम्ही पाडायला येतोय, तुम्हाला चालेल का, असं विचारायला हवं.